चौकशी लावली की संस्थेचं नाव जातं?

कामाच्या जागी कुणी बाईला त्रास दिला, तर ‘बाहेर बोभाटा नको, संस्थेचं नाव जाईल’ हा सल्ला आधी पुढे येतो, तक्रारीचा कागद नंतर. आदिलाबादच्या बाजारपेठेतली पेढी असो, शाळा असो की दवाखाना, हा सल्ला सगळीकडे सारखाच. देणारे बहुधा भले लोक असतात, म्हणून तो जास्त घातक.

चौकशी म्हणजे जाहीर बदनामी, ही यातली पहिली चुकीची समजूत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात तक्रारदार, आरोपी आणि साक्षीदार या तिघांचीही नावं बाहेर फोडायला मनाई आहे. मात्र पीडितेला न्याय मिळाला, एवढी माहिती ओळख न सांगता जाहीर करता येते. म्हणजे नाव राखायची वाट कायद्यानंच दिली आहे. संस्था मात्र ती सोडून दडपण्याची वाट धरतात.

याच्या उलट टोकाची समजूत अशी की, लगेच माणसाला काढून टाकलं की संस्था सुटली. याचं उत्तर गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात आहे. 2009 मध्ये तिथल्या एका विभागप्रमुखावर विद्यार्थिनींनी लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. विद्यापीठाच्या चौकशी समितीनं घाईघाईनं सुनावण्या उरकल्या, त्यानं आजारपणाचं कारण देऊन मुदत मागितली ती नाकारली आणि कामकाज एकतर्फी पुढे नेलं. 2010 मध्ये त्याला बडतर्फ केलं. उच्च न्यायालयात ते टिकलं, पण 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं बडतर्फी रद्द करून चौकशी पुन्हा 2009 मधल्या टप्प्यापासून करायला सांगितलं. आरोपीला निर्दोष ठरवलं असं नव्हे. त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नव्हती, एवढंच. चौदा वर्षांनी प्रकरण पहिल्या पायरीवर आलं. यात सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं झालं असेल, तर माझ्या मते तक्रार करणाऱ्या मुलींचं. विद्यापीठाची लाज त्यानंतरची.

म्हणून कायद्यानं ठरवलेला क्रम पाळायचा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिन्यांची सवलत मिळू शकते. चौकशी 90 दिवसांत पुरी करायची, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत मालकाकडे द्यायचा आणि मालकानं 60 दिवसांत कारवाई करायची. चौकशी चालू असताना बाईच्या लेखी विनंतीवरून तिची किंवा समोरच्याची बदली, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस चौकशी करणारी समिती करू शकते. तडजोड हवी असेल तर ती बाईनं मागायला हवी आणि तिच्यात पैशाची देवाणघेवाण चालत नाही. ‘काही रक्कम घे आणि मिटव’ हे सांगणारा थेट कायद्याविरुद्ध बोलत असतो.

‘अंगाला हात लावला नाही, मग छळ कसला?’ हा प्रश्न अजून विचारला जातो. त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं 1999 मध्येच ए. के. चोप्रा प्रकरणात दिलं: प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असं नाही. ‘सिद्ध झालं नाही, म्हणजे तक्रार खोटी’ हेही तसंच निराधार. पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही. खोटेपणा मुद्दाम केला, हे वेगळ्या चौकशीत ठरावं लागतं.

‘हे सगळं मोठ्या कंपन्यांसाठी’ असं म्हणणारेही भेटतात. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती नेमावीच लागते, आणि निरनिराळ्या ठिकाणी शाखा असतील तर प्रत्येक ठिकाणी. न नेमल्यास 50 हजारांपर्यंत दंड. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बाईलाही तीच. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला, जैनथकडच्या मराठी बाईला तेलुगू कागदपत्रांची धास्ती वाटणं साहजिक आहे. तक्रार लेखी लागते खरी, पण ज्या बाईला ती लिहून देता येत नाही, तिला सर्व वाजवी मदत करणं हे समितीवरचं कायदेशीर बंधन आहे.