एमबीए : पदवीआधी हिशेब मांडा

सातारा/सांगली : पदवीचा निकाल लागला, की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते : एमबीएला प्रवेश घ्यावा, की मिळेल ती नोकरी धरावी? या पदवीला समाजात मान आहे. मात्र, तिच्या खर्चासाठी अनेक कुटुंबांना उसाचे बिल, घरातील ठेव किंवा कर्ज यांचा आधार घ्यावा लागतो. म्हणूनच हा निर्णय इतरांचे पाहून नव्हे, तर कागदावर हिशेब मांडून घ्यायला हवा.

खर्च केवळ शुल्काचा नाही

शुल्काचा आकडा सर्वांना दिसतो. बुडणारा पगार मात्र हिशेबात धरला जात नाही. समजा, एखाद्या बी.कॉम. पदवीधराला कुपवाड किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत दरमहा १५ हजार रुपयांची नोकरी मिळते आहे. ती सोडून दोन वर्षे शिकल्यास ३ लाख ६० हजार रुपयांवर पाणी सोडावे लागेल. दोन वर्षांचे शुल्क २ लाख आणि प्रवास, पुस्तके आदींचे ४० हजार धरले, तर खरा खर्च ६ लाखांवर जातो.

एमबीएनंतर २२ हजारांची नोकरी मिळाली, तर महिन्याकाठी वाढ ७ हजारांची. या गतीने खर्च भरून निघण्यास सात वर्षांहून अधिक काळ लागेल. हाच पगार ३० हजार असेल, तर साडेतीन वर्षांच्या आत भरपाई होईल. पुण्यात राहून शिकायचे झाल्यास निवास व भोजनाचा खर्च वेगळा. तो दरमहा १० हजार धरला, तरी दोन वर्षांत आणखी २ लाख ४० हजारांची भर पडते.

सवलत कोणाला?

राज्यातील खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. सीईटी देऊन केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या आणि ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील खुल्या प्रवर्गाच्या विद्यार्थ्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काच्या ५० टक्के रक्कम मिळते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना याच उत्पन्नमर्यादेत २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. अशा विद्यार्थिनीचा वरील हिशेबातील खर्च ६ लाखांवरून ४ लाखांच्या आसपास येतो.

मुलींसाठीच्या या सवलतीतून अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळली आहेत. व्यवस्थापन कोट्यातील जागांनाही ती नाही. वर्ये (सातारा) येथील रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील व्यवस्थापन महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे, तर भारती विद्यापीठाच्या सांगली आणि कऱ्हाड येथील व्यवस्थापन संस्था अभिमत विद्यापीठाच्या घटक आहेत. त्यामुळे शहर एकच असले, तरी पदवी कोणते विद्यापीठ देणार, हे अर्ज भरण्यापूर्वी पाहणे आवश्यक आहे.

कर्जाचा हप्ता

प्रवेशाची मुदत पावसाळ्यात येते आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम त्यानंतर सुरू होतो. ही मधली वेळ निभावण्यासाठी हातउसने किंवा चढ्या व्याजाचे कर्ज काढण्याऐवजी बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा विचार करावा. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते.

तरीही हप्ता आधीच काढून पाहावा. परतफेड सुरू होताना ५ लाख रुपये बाकी असतील, तर १० टक्के व्याजाने सात वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे ८,३०० रुपये येतो. शिक्षणकाळातील व्याज मुद्दलात मिळविल्यास तो आणखी वाढतो. पगार २२ हजार असताना असा हप्ता भरणारा तरुण घरी काय पाठवणार?

'सरासरी'चा भुलावा

माहितीपुस्तिकेतील सर्वाधिक आणि सरासरी पगारावर विसंबू नये. दहापैकी नऊ विद्यार्थ्यांना १५ हजार आणि एकाला १ लाख पगार मिळाला, तर सरासरी साडेतेवीस हजार भरते. प्रत्यक्षात नऊ जण १५ हजारांवरच असतात. म्हणून पगारांची चढती यादी केल्यास मधोमध कोणता आकडा येतो, किती जणांना नोकरी मिळाली आणि ती कोणत्या कंपनीत, कोणत्या पदावर, हे विचारावे. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या चार-पाच विद्यार्थ्यांशी बोलल्यास खरे चित्र समजते.

पर्यायही आहेत

दोन-तीन वर्षे काम केलेला अभियंता, बँक कर्मचारी किंवा विक्री प्रतिनिधी यांना बढतीसाठी ही पदवी नेमकी उपयोगी पडू शकते. घरचा हळदीचा, बेदाण्याचा किंवा दुधाचा व्यवसाय सांभाळणाऱ्यांनी दूरस्थ शिक्षणाचा विचार करावा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांचे अभ्यासक्रम कमाई चालू ठेवून करता येतात. मान्यताप्राप्त दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

थोडक्यात, सवलत वजा जाता होणारा खर्च, बुडणारा पगार आणि त्या महाविद्यालयातील मधल्या विद्यार्थ्याला मिळणारा पगार हे तीन आकडे समोर ठेवावेत. चार-पाच वर्षांत भरपाई होत असेल, तर प्रवेश जरूर घ्यावा. होत नसेल, तर आधी नोकरी धरावी. पदवी दोन वर्षांनंतरही घेता येते. कर्जाच्या ओझ्यातून मात्र इतक्या सहज सुटता येत नाही.