सीनाकाठचं सावेडी : गावाचं उपनगर कसं होतं



नगरकडे जाताना एसटीच्या खिडकीतून एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. काल-परवापर्यंत जिथं बाजरी किंवा ज्वारी उभी होती, तिथं शेतात पांढरे दगड रोवलेले दिसतात. मधे मुरुमाचा रस्ता, कडेला नावाची कमान. म्हणजे प्लॉटिंग सुरू झालं. दर वर्षी हे दगड शहरापासून थोडे लांब सरकतात आणि आपल्या गावांच्या थोडे जवळ येतात. म्हणून आज आम्ही तुम्हाला अशा एका गावाची गोष्ट सांगणार आहोत, जिथं हे सगळं आधीच होऊन गेलं आहे. ते गाव म्हणजे सावेडी.

जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तरी बोलताना आपल्या तोंडात अजून नगरच येतं. त्या नगरच्या उत्तर अंगाला, मनमाड रस्त्यावर सावेडी आहे. पश्चिमेला सीना नदी. आज सावेडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं प्रेमदान चौक, गुलमोहर रस्ता, प्रोफेसर कॉलनी, बंगले, दवाखाने, क्लासेस आणि दागिन्यांची दुकानं येतात. पोरांच्या शिकवणीसाठी आणि दवाखान्यासाठी आपण तिथंच जातो. सगळा पैसेवाल्यांचा भाग, असं आपण सहज बोलून जातो. पण सावेडी मुळात आपल्यासारखंच गाव होतं. मारुतीचं देऊळ, गावठाण, मळे आणि नदी.

आधी नदीकडे बघू. सीना नगरच्या परिसरातच उगम पावते आणि पुढं सोलापूर जिल्ह्यात जाऊन भीमेला मिळते. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. नगरला वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर. त्यामुळं सीना पावसाळ्यात दोन-चार दिवस दोन्ही थड्या भरून धावते आणि उन्हाळ्यात वाळूची पट्टी होऊन पडते. अशा नदीच्या जिवावर मोठं शहर जगत नाही.

हे पाचशे वर्षांपूर्वीच्या लोकांनाही कळलं होतं. १४९० मध्ये अहमद निजामशहानं बहामनी फौजेचा भिंगारजवळ पराभव केला आणि सीनेच्या डाव्या काठावर आपलं शहर वसवलं. शहर नदीकाठी वसलं, पण प्यायचं पाणी मात्र त्यांनी नदीतून घेतलं नाही. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा उंचावरच्या गावांच्या शिवारातून त्यांनी पाणी आणलं. त्यासाठी जमिनीखालून खापराचे नळ चुन्यात बसवले. मधेमधे हवा निघायला आणि गाळ काढायला जागा ठेवली. पंप नाही, वीज नाही. नुसत्या उतारानं पाणी शहराच्या हौदात येऊन पडायचं. आपण शेतात पाट काढतो, तेच तत्त्व. फरक एवढाच की हा पाट जमिनीच्या पोटात होता.

आता यातला सावेडीचा भाग ऐका. १५०६ च्या सुमाराला अहमद निजामशहानं शहराबाहेर एक मोठी बाग केली. मधे तळं आणि तळ्याच्या मधोमध आठ कोनी महाल. नाव दिलं हश्त बिहिश्त, म्हणजे आठ स्वर्ग. या तळ्यालाही पाणी नळानं लांबून आणलेलं होतं. लोकांच्या तोंडी त्याचं भिस्तबाग झालं. आज सावेडीत भिस्तबाग चौक आहे. आपण रिक्षावाल्याला तेच नाव सांगतो, पण त्या नावाच्या पोटात पाचशे वर्षांची बाग आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तेव्हा श्रीमंतांनी शहराबाहेर मोकळ्या हवेत राहायचं आणि त्यांच्यासाठी पाणी दुसऱ्या गावाहून यायचं, ही रीत सावेडीला नवी नाही.

पुढं निजामशाही १६३६ मध्ये संपली. मोगल आले, पेशवाई आली. १८०३ मध्ये इंग्रजांनी नगरचा किल्ला घेतला. १८५४ मध्ये नगरला नगरपालिका झाली आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. एवढं सगळं घडलं तरी शहर बराच काळ आपल्या वेशींच्या आतच राहिलं. उत्तरेला दिल्ली दरवाजा, आणि त्याच्या पलीकडे रानं. सावेडी त्या रानातलं गाव होतं. शहराला भाजीपाला आणि दूध पुरवावं, बाजाराला जावं, संध्याकाळी परत यावं.

मग बदल कशानं झाला? आमच्या मते तीन गोष्टींनी झाला. पहिली गोष्ट म्हणजे रस्ता. मनमाड रस्त्यावर पुढं नागापूरला एमआयडीसी झाली. त्याच रस्त्यानं राहुरीला १९६८ मध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठ झालं. त्यामुळं पगारी नोकरी करणारी माणसं या बाजूला वाढली. दुसरी गोष्ट, १९७२ चा दुष्काळ. त्या दुष्काळानं जिरायती तालुक्यांतल्या घरांना एक धडा दिला, की एक तरी माणूस नोकरीला लावायचा आणि शहरात एक तरी खोली बांधायची. शिक्षक, कंडक्टर, बँकेतले, कचेरीतले, असे अनेक जण गावच्या शेतीवर एक पाय ठेवून नगरला दुसरा पाय रोवू लागले. म्हणजे आज आपण ज्यांना सावेडीचे बंगलेवाले म्हणतो, त्यातल्या बऱ्याच घरांची मुळं आपल्यासारख्याच गावांत आहेत.

तिसरी गोष्ट पाणी. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला मुळा धरण झालं. त्यात २६ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. या धरणाचं पाणी विळदला आणून, तिथून पंपानं उचलून वसंत टेकडीवरच्या टाक्यांत सोडलं जातं आणि शहराला मिळतं. सावेडीत एका मोठ्या रस्त्याचं नावच पाइपलाइन रोड आहे. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉलन्या वाढल्या. पूर्वी माणसं नदीच्या काठानं वसायची, आता नळाच्या काठानं वसतात. फक्त खापराचा नळ उतारानं चालायचा आणि हा नळ विजेवर चालतो. वीज गेली की शहराचं पाणी लांबतं.

हे पाणी फुकट आलेलं नाही. धरणासाठी कुणाच्या तरी जमिनी पाण्याखाली गेल्या. आणि ज्या सीनेच्या काठी हे शहर वसलं, तिची गरजच कुणाला उरली नाही. गरज सरली की नदीचा ओढा होतो आणि ओढ्याचा नाला. सांडपाणी तिच्यात, राडारोडा तिच्यात, आणि पात्राच्या कडेपर्यंत बांधकामं. मग एखाद्या वर्षी जोरात पाऊस झाला की नदी आपली जुनी जागा मागायला येते.

आता माणसांच्या मोजणीकडे येऊ. २००१ च्या जनगणनेत नगर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ७ हजार होती. २००३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २०११ मध्ये लोकसंख्या सुमारे ३ लाख ५१ हजार भरली. मग त्यातली सावेडीची किती? जनगणनेच्या पुस्तकात तुम्ही शोधायला गेलात तर सावेडी अशी ओळ तुम्हाला सापडणार नाही. शहराची मोजणी वॉर्डानुसार छापतात. गाव कितीही लहान असो, दोनशे माणसांचं असो, त्याच्या नावाची स्वतंत्र ओळ असते. हिवरे बाजारची असते, तुमच्या-आमच्या गावाची असते. बाया किती, पुरुष किती, शिकलेले किती, कामाला जाणारे किती, सगळं त्या ओळीत असतं. गाव शहरात मिसळलं की ती ओळ पुसली जाते.

तुम्ही म्हणाल, ओळ गेली तर काय बिघडलं? नळ आला, दिवे आले, रस्ते आले. खरं आहे. पण ओळीबरोबर आणखीही काही जातं. गावाला ग्रामसभा असते, आणि ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यावी लागते. तिथं आपण पाण्याचा, दारूच्या दुकानाचा, गायरानाचा प्रश्न हात वर करून मांडू शकतो. महानगरपालिकेत ग्रामसभा नसते, नगरसेवक गाठावा लागतो. रोजगार हमीचं कामही गावातच मागता येतं.

शिवाय गाव न मिसळताही शहर ठरू शकतं. जनगणनेत त्यासाठी तीन कसोट्या आहेत. लोकसंख्या निदान ५,००० हवी. एका चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसं हवीत. आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात हवेत. ऐकलंत ना? पुरुषांपैकी. गाव शेतीचं राहिलं की नाही हे ठरवताना बायांचं काम धरतच नाहीत. नवरा एमआयडीसीत जातो आणि बाई दोन एकर सांभाळते, दोन म्हशी सांभाळते. त्या घराचा हिशेब या कसोटीत शेतीबाहेर लागतो.

म्हणून पुढच्या मोजणीला आपण तयार राहायचं. २०२१ ला होणारी जनगणना झाली नाही. आता १ मार्च २०२७ ही मोजणीची तारीख धरलेली आहे. मोजणारा दारात आला आणि विचारलं, बाई काय करते, तर घरातून उत्तर येतं, काही नाही, घरीच असते. हे उत्तर द्यायचं नाही. शेतात राबते, दूध काढते, शिवण करते, गटाचा धंदा करते, जे असेल ते स्वतः पुढं होऊन सांगायचं.

आता ज्यासाठी सावेडीची गोष्ट काढली, ते सांगतो. शेताचा प्लॉट होताना गावात पैसा येतो. पण तो कुणाच्या हातात येतो? सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याच्या हातात. एकराचा भाव जोवर बाजरीचा होता, तोवर बहिणीच्या नावाची कुणाला आठवण नव्हती. भाव गुंठ्यावर आला की बहिणीला माहेरी बोलावणं येतं, साडी नेसवली जाते, आणि जेवण झाल्यावर हक्कसोडपत्र पुढं येतं. आम्हीही आमच्या गटात हे पाहिलं आहे. सही करून आलेल्या बाया पुढं वर्षभर त्याबद्दल बोलत नाहीत, आणि बोलल्या की डोळ्यांत पाणी येतं.

कायदा काय सांगतो ते नीट ऐका. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये बदल केला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आणि जन्मापासून आहे. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी हा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. वडिलांनी स्वतः कमावलेल्या जमिनीचं मृत्युपत्र ते करू शकतात, आणि कायदेशीर वाटप आधीच पुरं झालं असेल तर ते मोडत नाही, हेही लक्षात ठेवा. हक्क सोडायचा की ठेवायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. भावावर माया असते, माहेर तुटायची भीती असते, हे आम्हाला कळतं. पण कागद वाचून घ्या आणि एक रात्र विचार करा. नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजासहजी फिरवता येत नाही.

तर गावाकडे दगड सरकू लागले की आपण चार कामं करायची.

पहिलं, सातबारा आणि आठ-अ काढून बघायचा. महाभूलेखवर तो मोबाइलवरही दिसतो. वारस म्हणून आपलं नाव लागलं आहे का? नवऱ्याची तयारी असेल तर १९९२ च्या लक्ष्मी मुक्ती योजनेत बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता येतं.

दुसरं, फेरफाराची नोटीस आली की ती चुलीत घालायची नाही. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात.

तिसरं, गावचं गायरान, ओढे आणि पाणंद रस्ते यांची मोजणी आणि नोंद आत्ताच, ग्रामसभा हातात आहे तोवर करून घ्यायची. ओढा एकदा प्लॉटखाली गेला की नकाशावरसुद्धा सापडत नाही.

चौथं, शहरात पोराबाळांसाठी जागा घ्यायची असेल तर नदीची निळी आणि लाल रेषा विचारायची. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या मोठ्या पुराचं पाणी जिथवर येतं ती निळी रेषा. तिच्या आत घर बांधायचं नाही. शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची रेषा लाल. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधकामावर बंधनं असतात. नदीकाठचा प्लॉट स्वस्त मिळाला तर तो स्वस्त का आहे, हे आधी शोधायचं.

सावेडी वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. तिथल्या शाळांनी आपल्या पोरी शिकवल्या आणि तिथल्या दवाखान्यांनी आपली बाळंतपणं केली. उद्या आपलं गावही तसं झालं तर होऊ द्या. फक्त तेव्हा ओढ्याची जागा नकाशावर असावी आणि आपलं नाव कागदावर असावं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या घरचा सातबारा घेऊन या. जिला वाचता येतं तिनं शेजारणीला वाचून दाखवायचा. नमस्कार.