टप वाढवला म्हणजे वॅगन होत नाही

अमेरिकेत स्केल मॉडेल करणाऱ्यांमध्ये एक रूपांतर वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. १/२५ प्रमाणातलं मसल कारचं किट घ्यायचं, दोन दरवाजांच्या त्या कूपेचा मागचा उतरता टप कापून काढायचा आणि तिथे लांब, सपाट टप बसवून तिची स्टेशन वॅगन करायची. स्टेशन वॅगन म्हणजे जिची डिकी वेगळी राहत नाही, टप थेट मागच्या दारापर्यंत जातो आणि बसायची जागा व सामानाची जागा एकाच छताखाली येते अशी गाडी. पुण्याच्या कारखान्यातून १९९० च्या दशकात निघालेली टाटा इस्टेट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा आकार समजावून सांगायला नको. रूपांतराचं वर्णन ऐकताना सगळं काम टपाचं आहे असं वाटतं, आणि बहुतेक मॉडेल्स याच समजुतीपायी फसतात. टपाचं काम सुबक होतं, रंग आरशासारखा चढतो, तरीही गाडीकडे पाहिल्यावर कूपेवर पेटी ठेवल्यासारखी दिसते. माझं म्हणणं असं की टप हा या कामाचा शेवटचा भाग आहे. वॅगन ठरते ती दोन चाकांच्या मधे, आणि करवत हातात घेण्याआधी.

याचा पुरावा खऱ्या गाड्यांच्या मापांत आहे. १९७० ची शेव्हरोले शेव्हेल घेऊ, कारण मसल कार म्हटलं की तिचं नाव पहिल्या काही नावांत येतं. एसएस हे तिचं जोरदार रूप, आणि एलएस-६ इंजिन बसवलेल्या एसएस ४५४ ला ४५० अश्वशक्ती होती. एसएसचा साज त्या वर्षी कूपे, कन्व्हर्टिबल आणि एल कॅमिनो या पिकअपवर मिळत होता, वॅगनवर नाही. म्हणजे एसएस वॅगन ही कारखान्याने न काढलेली गाडी आहे आणि म्हणूनच ती करून बघण्याची ओढ वाटते. पण साधी शेव्हेल वॅगन बाजारात होती, आणि तिच्याकडे नीट पाहिलं तर कारखान्याने काय केलं होतं ते कळतं. १९६८ ते १९७२ या काळात दोन दरवाजांच्या शेव्हेलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर, ११२ इंच होता, चार दरवाजांच्या गाडीचा आणि वॅगनचा ११६ इंच. हा चार इंचांचा फरक १/२५ मध्ये जेमतेम चार मिलिमीटर भरतो. किटमधल्या कूपेची पुढची आणि मागची चाकं सुमारे ११३.८ मिलिमीटर अंतरावर असतात, वॅगनची ११७.९ वर हवीत. चार मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही कमी, पण डोळा ते पकडतो. चार दरवाजांची वॅगन कूपेच्याच अंतरावर उभी केली तर मागच्या दरवाजाला जागा उरत नाही, चाकाची कमान त्याच्यात घुसते आणि मागचा भाग चाकावरून लोंबल्यासारखा दिसतो. त्यामुळे पहिला काप टपाला द्यायचा नाही. तो पुढच्या दरवाजाची मागची कड आणि चाकाची कमान यांच्यामध्ये, थेट खाली चासीपर्यंत द्यायचा, आणि मधे चार मिलिमीटरची पट्टी भरायची.

यावर आक्षेप येईल की कूपेच्याच मापावर बसलेल्या वॅगनही झाल्या आहेत. खरं आहे. १९६४-६५ मध्ये शेव्हेलची दोन दरवाजांची वॅगन होती आणि तेव्हा सगळ्या शेव्हेलचा व्हीलबेस ११५ इंचच होता. १९६६ मध्ये तुरीनच्या इंटरमेकानिकाने फोर्ड मस्टँगची एकच वॅगन बनवली. फोर्डने ती कधी उत्पादनात आणली नाही. पण या दोन्ही गाड्यांना दोनच दरवाजे होते. दरवाजे तेच राहिले म्हणून दोन आसांमधलं काही हलवावं लागलं नाही, सगळं काम दरवाजाच्या मागे उरकलं. म्हणजे आधी दरवाजे किती ते ठरवायचं, त्यावरून व्हीलबेस ठरतो, आणि टपाचा विचार त्यानंतर. याहून बोलकं उदाहरण जनरल मोटर्सचं आहे. १९५४ च्या मोटोरामा प्रदर्शनात कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीच्या चेहऱ्याची नोमॅड ही वॅगन मांडली गेली. कॉर्व्हेटचा व्हीलबेस १०२ इंच. ती चासी लांबवत बसण्याऐवजी त्यांनी शेव्हरोलेच्या वॅगनची ११५ इंची चासी घेतली आणि तिच्यावर कॉर्व्हेटसारखं अंग चढवलं. पुढे तोच टप १९५५ च्या मोठ्या शेव्हरोलेला द्यायचं ठरलं, तेव्हा त्याचं रेखाचित्र कापून, ताणून नव्या गाडीच्या चित्रावर बसवलं गेलं. मॉडेल करणारा माणूस टेबलावर प्लास्टिकशी जे करतो तेच त्यांनी कागदावर केलं, आणि तेही चासी ठरल्यानंतर.

आता टप. इथे सगळ्यात जास्त धीर लागतो. एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पत्रा कापून सरळ चिकटवला तर तो सपाट बसतो. पण खऱ्या गाडीचा टप कधीच सपाट नसतो. त्याला आडवा आणि उभा, दोन्हीकडून हलका फुगवटा असतो, आणि तो नसेल तर चकचकीत रंगाखाली टप मधोमध खचल्यासारखा दिसतो. त्यावर उपाय असा की अर्धा-अर्धा मिलिमीटरचे दोन पत्रे साच्यावर वाकवून एकमेकांना पातळ सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवायचे. सुटा पत्रा परत सरळ होतो. दोन एकत्र विरघळून बसले की बाक धरून ठेवतात. पण हे सिमेंट प्लास्टिकला वितळवून जोडतं, आणि आत अडकलेला द्रव उडायला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर सांधा आकसत राहतो. घाईने लांबी (पुट्टी) भरून, पॉलिश पेपर मारून रंग दिला तर महिन्याभराने रंगाखालून सांध्याची रेघ उमटते. टपाखालच्या खांबांचीही हीच गत. किटचं प्लास्टिक साधारण दीड मिलिमीटर जाड असतं, म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ चार सेंटिमीटर. कूपेत ही जाडी फारशी दिसत नाही. वॅगनला मागे लांबच लांब काचा असतात, त्यामुळे प्रत्येक खांबाची कड उघडी पडते. ती आतून कानसून पातळ करावीच लागते. बाहेरच्या बाजूने कानस लावली तर आकार बिघडतो.

आणखी एक आक्षेप मनापासून घेण्यासारखा आहे. जी गाडी कधी निघालीच नाही तिला कसले नियम? मनाला येईल तशी करावी. या मोकळेपणाला जुना आधारही आहे. एएमटी या किट बनवणाऱ्या कंपनीने १९५८ मध्ये काढलेल्या थ्री-इन-वन किटांत एकच गाडी मूळ रूपात, कस्टम रूपात किंवा शर्यतीच्या रूपात करायची सोय होती. कल्पनेवर माझा अजिबात राग नाही. पण कारखान्याने केली असती अशी गाडी करायची असेल, तर पत्र्याचा विचार सोडता येत नाही. शेव्हेलच्या मागच्या मडगार्डला दरवाजामागे उसळी आहे, आणि कूपेत ती उसळी उतरत्या टपाला जाऊन मिळते. टप लांब केला की ती मधेच सुटते. तिच्यावरून काचेची खालची कड सरळ न्यायची की तिच्याबरोबर वळवायची, याचा निर्णय न घेताच पुढे गेलं की गाडी दोन तुकड्यांची वाटते. माझ्या मते कड सरळ न्यावी आणि उसळी तिच्याखाली ठेवावी, म्हणजे मसल कारची ओळख राहते आणि टपाला पायाही मिळतो. काही गोष्टी मदतीलाही येतात. १९७० च्या कूपेचे मागचे दिवे बंपरमध्येच आहेत, त्यामुळे मागचं दार पूर्ण रुंदीभर नेता येतं. पण त्या दाराला बिजागरी कुठे, ते खाली पडतं की बाजूला उघडतं, हे रेघ कोरण्याआधी ठरलेलं असावं. पाच मिलिमीटरची खरी फट इथे ०.२ मिलिमीटरची होते. ती कोरताना सुईसारख्या टोकाचा एक हात चुकला की लांबी भरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तयार वॅगनचं रेझिनचं किंवा थ्री-डी प्रिंट केलेलं अंग घेऊन त्यावर एसएसचं बोनेट का बसवू नये, असंही विचारलं जातं. चार दरवाजांची वॅगन हवी असेल तर जरूर बसवावं. मापं नेमकी येतात आणि महिन्याचं काम वाचतं. पण ११२ इंचांवरची दोन दरवाजांची एसएस वॅगन शेव्हरोलेने कधीच केली नाही, तिचं माप घ्यायला मूळ गाडीच अस्तित्वात नाही. तिथे कापूनच शोधावं लागतं.

मग राहतं आतलं काम. कूपेच्या किटमध्ये गाडीचा अंतर्भाग मागच्या सीटच्या पाठीशी संपतो, कारण त्यामागे डिकी असते आणि ती कुणाला दिसत नाही. वॅगनमध्ये सगळं दिसतं: सामानाचा तळ, दोन्ही बाजूंचे चाकांचे उंचवटे, पाडता येणारी पाठ. तो तळ मागच्या आसाच्या वरून जायला हवा, आणि तो किती उंच येतो त्यावरून टपाखाली किती जागा उरते ते कळतं. काचा सगळ्यात शेवटी, पातळ पारदर्शक पत्र्याच्या. त्या सुपरग्लूने लावू नयेत. त्याच्या वाफेने काचेवर पांढरं धुकं बसतं आणि ते पुसून जात नाही. पांढरा गोंद हळू वाळतो, पण वाळला की पारदर्शक होतो, आणि काच सरकवून जागेवर आणायला वेळ देतो.