जुना कॉम्प्युटर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? खिशात हात घालण्याआधी एवढं बघा

पाचोरा : विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून घराघरात एकच विषय आहे : घरचा डेस्कटॉप आता भंगारात घालायचा का? मुलीचा सीईटीचा फॉर्म, दुकानाची बिलं, मस्जिदच्या जमातीचा हिशेब, उर्दू शाळेचे पेपर, सगळं त्याच एका डब्यावर चालतं. जून २०२५ मध्ये वक्फसाठी उमीद पोर्टल सुरू झालं. मग मुतवल्ली आणि ट्रस्टी मंडळी जुनी कागदपत्रं स्कॅन करून चढवायला बसली, तेव्हा कितीतरी ठिकाणी मशीनच अडली. दुकानात नेलं की उत्तर ठरलेलं, "भाई, इसमें अब कुछ नहीं रहा, नया ले लो."

कधी ते खरं असतं, पण बऱ्याचदा नसतं. म्हणून दुकानात जाण्याआधी घरीच दहा मिनिटं द्या.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. नेहमीची कामं करताना त्यात ‘डिस्क’च्या खाली सतत ९०-१०० टक्के दिसत असेल, तर दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. ‘मेमरी’ भरलेली दिसत असेल तर रॅम कमी पडतेय. प्रोसेसर खरोखर थकलाय असं क्वचित निघतं. दहा वर्षांच्या मशीनमध्ये बहुतेक वेळा डिस्कच सापडते. ही डिस्क तबकडीवर सुई फिरवून माहिती शोधते, आणि विंडोजला तर एकाच वेळी शेकडो बारीक फायली लागतात. तिच्या जागी एसएसडी बसवली की चालू व्हायला तीन-चार मिनिटं घेणारं मशीन अर्ध्या मिनिटाच्या आसपास उभं राहतं. जुन्या कॉम्प्युटरवर एकच खर्च करायचा असेल तर तो हाच करा. शिवाय ही एसएसडी उद्या नव्या मशीनमध्येही लावता येते, त्यामुळे पैसा वाया जात नाही.

रॅमचं तसं नाही. जुन्या मशीनला डीडीआर-३ लागते, त्यानंतरच्यांना डीडीआर-४ किंवा ५. एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसतच नाही, म्हणजे तिथं घातलेला पैसा त्याच मशीनबरोबर जातो. त्यात २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरमुळे जगभर मेमरीचे भाव चढले आहेत. म्हणून गेल्या वर्षीचा भाव डोक्यात धरून बसू नका, त्या दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारा. आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाहीत : आपल्याकडे बऱ्याच मशीनवर अजून ३२-बिट विंडोज आहे. तिला ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरताच येत नाही. आठची पट्टी घालून घरी आलात तरी फरक शून्य. आधी ६४-बिट विंडोज, मग रॅम.

याहून स्वस्त इलाजही असतात. सरकारी वेबसाइट उघडताना ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं का? खाली घड्याळात भलतंच वर्ष दिसतं का? मग मदरबोर्डवरचा २०३२ नंबरचा गोल सेल संपलाय. तारीख चुकली की सुरक्षित साइट उघडत नाहीत. पन्नासेक रुपयांच्या सेलसाठी लोक कॉम्प्युटर बदलायला निघालेले आम्ही पाहिलेत. दुसरं म्हणजे धूळ. खान्देशातला मे महिना, पारा ४४-४५ वर, त्यात कापसाच्या सीझनमध्ये उडणारी बारीक रुई पंख्यात जाऊन बसते. प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो किंवा मशीन बंद पडतं. साफसफाई आणि थर्मल पेस्ट, एवढ्यानेच कित्येक मशीन ताळ्यावर येतात. लाइट कमी-जास्त होण्याने एसएमपीएस जातो, तोही वेगळा बदलता येतो.

आता खरी रेघ कुठे ते बघू. ती रेघ आहे विंडोज ११. त्यासाठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. एएमडीचा असेल तर साधारण रायझन २००० पासूनचे, तेही यादीत बघून. इंटेलची आठवी पिढी डेस्कटॉपवर २०१७ च्या शेवटी आली. म्हणजे २०१८ च्या आधी घेतलेलं मशीन या रेघेच्या अलीकडेच राहिलं असं समजा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अ‍ॅप चालवलं की हो की नाही ते कळतं. कधी कधी टीपीएम मशीनमध्ये असतं पण बायोसमध्ये बंद असतं, ते चालू केलं की काम होतं.

मशीन रेघेच्या अलीकडे असेल तर लगेच फेकू नका. विंडोज १० ला घरगुती ग्राहकांसाठी आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा अपडेट घेण्याची सोय दिली आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर त्याला पैसे पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा पर्याय दिसतो. त्यानंतर मात्र त्या मशीनवर बँकेचे व्यवहार, आधारचे स्कॅन, पासवर्ड ठेवू नयेत. फक्त अभ्यास, टायपिंग आणि ब्राउझिंग असेल तर लिनक्स मिंटसारखी मोफत सिस्टिम टाकता येते. त्यात मराठी-उर्दू दोन्ही टायपिंग होतं. ‘जुन्यावरच ११ टाकून देतो’ म्हणणारेही भेटतील. तपासणी चुकवून ती टाकता येते हे खरं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशीनवर तर ११ ची नवी आवृत्ती, २४एच२ पासून पुढे, चालूच होत नाही.

उर्दू शाळा, छपाईवाले आणि अंजुमनांनी इथं जरा थांबून वाचावं. इनपेज हे उर्दूचं सॉफ्टवेअर १९९४ मध्ये आलं. आपल्याकडचे किती जलशांचे इश्तेहार, शादीचे रुक्के, शाळेचे पेपर त्यातच बनले. जुन्या आवृत्त्यांच्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. वर्डमध्ये चिकटवल्या तर अक्षरांचा भुसा होतो. काही जुन्या संचांचं लॉक प्रिंटरच्या रुंद पोर्टला लावायचं असतं, आणि तो पोर्ट नव्या मशीनला नसतो. मराठीच्या जुन्या फॉन्टचं आणि डॉसवर चालणाऱ्या हिशेबाच्या प्रोग्रामचंही तेच. डॉसचे जुने प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर सरळ चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटच येतं. जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर मिळतो का, तेही आधीच बघा. म्हणून अशा ठिकाणी आमचं मत स्पष्ट आहे : नवं मशीन घ्या, पण जुनं लगेच काढू नका. त्याचं इंटरनेट तोडा, वेगळं ठेवा, आणि निकाहची नोंद, कब्रस्तानची यादी, जमातीचा जुना हिशेब एकेक फाइल उघडून पीडीएफ करून घ्या. पुढे मजकूर बदलावा लागणार असेल तर त्याची युनिकोड प्रतही ठेवा. हे काम दोन-चार शुक्रवार खाईल. पण फाइल राहिली आणि ती उघडणारं मशीन गेलं, तर काही करता येत नाही.

नवं घ्यायचं ठरलं तर ‘आय-५’, ‘आय-७’ या नावावर जाऊ नका. जळगावला गेलात किंवा मोबाइलवर जाहिरात पाहिली, तर चकचकीत नव्या कॅबिनेटमध्ये ‘आय-५ नवा सेट’ फारच स्वस्त दिसेल. आत बऱ्याचदा २०११-१२ चा वापरलेला प्रोसेसर असतो. पुढचा आकडा विचारा. आय-५ २४०० म्हणजे दुसरी पिढी, ८४०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी. बाराव्या पिढीचा साधा आय-३ त्या दुसऱ्या पिढीच्या आय-५ ला सहज मागे टाकतो. आकडा बिलावर लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. कंपन्यांमधून निघालेले आठव्या-नवव्या पिढीचे ब्रँडेड डेस्कटॉप सेकंडहँड मिळतात. बिल आणि काही महिन्यांची वॉरंटी असेल तर मध्यम घरासाठी तोच सौदा आम्हाला बरा वाटतो. मॉनिटर, कीबोर्ड, माउस जुनेच वापरा, फक्त केबलचा पोर्ट जुळतो का ते बघा.

हप्त्याबद्दलही सांगायला हवं, कारण आपल्या घरांत हा प्रश्न नुसता पैशांचा नसतो. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे बिनव्याजी, असा समज आहे. कार्डच्या हप्त्यात बँक व्याज लावतेच. तेवढी सूट आधी किमतीत दाखवली जाते, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकाकडून घेतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. रोखीचा भाव आणि हप्त्याचा भाव वेगवेगळा विचारा, फरक समोर येईल. मसल्याचं आपल्या आलिम साहेबांना विचारा, पण विचारताना हा तपशील त्यांना सांगा, नुसतं ‘बिनव्याजी आहे’ म्हणू नका. एसएसडी आज रोखीने आणि नवं मशीन सहा-आठ महिन्यांनी, पैसे साठवून, हाही रस्ता आहेच.

हिशेब जुळवताना आम्ही असं धरतो : मशीन आठव्या पिढीचं किंवा पुढचं असेल तर एसएसडी, रॅम, विंडोज ११, बिनधास्त करा. त्याआधीचं असेल तर एसएसडी आणि साफसफाई यापलीकडे जाऊ नका. आणि मदरबोर्डच गेला असेल तर त्या जुन्या सॉकेटचा बोर्ड शोधत फिरू नका.

जुनं मशीन भंगारवाल्याला देण्याआधी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्या. डिलीट केलेल्या फायली परत काढता येतात, आणि त्यात घरच्या सगळ्यांचे आधार, पासबुक, मुलींचे फोटो असतात. साध्या यूएसबी केसिंगमध्ये घातली की तीच डिस्क बॅकअपला कामी येते.