आर्ची-परश्याच्या गावाला जाऊया का?

रोमँटिक सिनेमाचं लोकेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? स्वित्झर्लंड, नाहीतर पंजाबातली पिवळीधम्मक सरसोंची शेतं. म्हणजे पासपोर्ट हवा, किंवा बॉसकडून किमान आठवड्याची रजा. पण २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला आणि आपल्या बाजूचा रखरखीत, बाभळींचा मुलूखही प्रेमात पडण्याच्या लायकीचा आहे, हे पहिल्यांदाच कुणीतरी पडद्यावर ठणकावून सांगितलं. तेही १०० कोटींचा गल्ला जमवून! दोन वर्षांनी हिंदीत 'धडक' आला तेव्हा त्यांना मात्र उदयपूरचे राजवाडे लागले. असो.

माझा मुक्काम होता बारामतीच्या जळोचीत, एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या मैत्रिणीकडे. जळोची आता नगरपालिकेच्या हद्दीत आहे. फ्लॅट, कॅफे, सगळं हाताशी. शनिवारी सकाळी आम्ही चौघं भिगवणच्या रस्त्याला लागलो. भिगवणला मासे खायचा मोह आवरला (परतताना नाही आवरला, चिलापी फ्राय ऑर्डर केलीच), हायवेने इंदापूर मागे टाकलं, टेंभुर्णीला वळलो आणि कंदर आलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. सोलापूर म्हणजे दुष्काळ, हा आपला पुणेरी समज इथेच गळून पडतो.

कंदर, चिखलठाण, जेऊर, करमाळा. 'सैराट'चा पहिला भाग या पट्ट्यात शूट झाला. जेऊर हे दिग्दर्शक नागराज मंजुळेंचं गाव. आर्ची, म्हणजे रिंकू राजगुरू, शेजारच्या अकलूजची. सिनेमा रिलीज होण्याआधीच नॅशनल अवॉर्डमध्ये तिचा विशेष उल्लेख झाला होता. सिनेमातल्या गावाचं नाव बिटरगाव, आणि या नावाची गावं करमाळा तालुक्यात खरोखर आहेत. सेट नाही, रंगरंगोटी नाही. त्यामुळे इथे फिरताना गंमत होते. प्रत्येक विहीर 'तीच' वाटते! आम्ही तीन विहिरींपाशी फोटो काढले. करमाळ्यात कमलाभवानीचं देऊळ आणि ९६ पायऱ्यांची बारव मात्र निवांत बघा, सिनेमा असो-नसो.

पण या सगळ्या लोकेशन्सचा खरा हीरो आहे पाणी. परश्या कोळ्याचा पोरगा, त्याचं घर चालतं मासेमारीवर. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि काठावरची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. शेती बुडाली त्यांचं काय झालं आणि काठावर ऊस-केळी पिकली ती कुणाची, हा प्रश्न विचारला की आर्चीचा वाडा आणि परश्याचं घर यांतलं अंतर जरा जास्त कळतं.

इंदापूर आणि करमाळा हे तालुके याच पाण्याच्या दोन तीरांवर, समोरासमोर. गाडीने मोठा वळसा, म्हणून लोक लाँचने जात. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. बॅकवॉटरचा सनसेट कॅमेऱ्यात भन्नाट येतो, यात वाद नाही. फक्त बोटीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट मागा, आणि वारा सुटला असेल तर सरळ काठावर थांबा.

अजून एक. या ट्रिपवर सगळे जण पहिल्या भागाच्या शोधात येतात: विहीर, बुलेट, ट्रॅक्टर, केळीची बाग. दुसऱ्या भागासाठी कुणी हैदराबादला जात नाही. तिथलं एका खोलीतलं बिऱ्हाड, आर्चीची नोकरी, दोघांची भांडणं आणि शेवटी माहेरहून आलेली माणसं. थिएटरमधून बाहेर पडताना सगळं पब्लिक गप्प होतं, आठवतं? आमच्या गाडीतही करमाळ्यानंतर तसंच झालं. मागच्या सीटवरच्या जोडप्याने अजून घरी सांगितलेलं नाही. दोघांची आडनावं वेगळी, जातीही. सिनेमातल्या झिंगाट गाण्यावर नाचलेले त्यांचे काका-मामा लग्नाला येतील का, याचा हिशेब भिगवण येईपर्यंत चालला होता. आकडा फार नव्हता.