नेट बंद? आधी घरातच शोधा

पुतण्या पुण्याचे शिक्षण संपवून गावी आला, तेव्हा वसतिगृहातला त्याचा जुना कॉम्प्युटरही घरी आला. त्यावर विंडोज नाही, लिनक्स आहे. ते फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. सातबारा काढायला, बाजारभाव बघायला बरा, म्हणून राउटरला तारेने जोडला. पण पान एकही उघडेना. पीक विम्याच्या अर्जाला दोनच दिवस उरलेले, आणि सगळे कागद त्याच यंत्रात. नेटवाल्याला फोन केला तर म्हणे, "आमच्याकडून लाइन चालू आहे." मोबाइलवर त्याच राउटरचे नेट चालत होते, म्हणजे तो खोटेही बोलत नव्हता.

मंडळी, वाफ्यात पाणी येईना तर आपण काय करतो? आधी मोटार, मग पाइपाचे सांधे, मग दारे, असे क्रमाने बघत जातो. इथेही तसेच करावे.

पहिल्यांदा तार. उंदराने कुरतडली नाही ना, तार खोचतो तिथला दिवा लागतो ना, ते पाहा. मग टर्मिनल नावाची खिडकी उघडा. तीत इंग्रजी आय आणि पी ही अक्षरे, जागा सोडून ए, एवढे लिहून एंटर दाबा. बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसतो. तो राउटरने यंत्राला दिलेला घरक्रमांक. तो नसेल तर दोष तारेत किंवा राउटरमध्ये. आता ए च्या जागी आर लिहा. 'डिफॉल्ट व्हाया' या शब्दांपुढचा आकडा राउटरचा.

आता पिंग. माइक मूस या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ च्या डिसेंबरात हे साधन लिहिले. पाणबुडीचा ठाव घेणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून नाव दिले. हाक मारायची आणि उत्तर येते का पाहायचे, एवढेच त्याचे काम. पिंग लिहून पुढे राउटरचा आकडा द्यावा. लिनक्समध्ये ते आपणहून थांबत नाही; कंट्रोल आणि सी एकदम दाबावे लागते. मी पहिल्या दिवशी वायरच उपसली होती!

राउटरने उत्तर दिले. मग ८.८.८.८ ला हाक मारली. हा गूगलचा सार्वजनिक क्रमांक. तिथूनही उत्तर आले, म्हणजे बाहेरची वाट मोकळी. पण आकड्याऐवजी गूगल डॉट कॉम लिहिले, तर नावच सापडेना.

चोर इथे होता. यंत्रांना आकडे कळतात, नावे नाहीत. नावाचा आकडा सांगणारी जी व्यवस्था, तिला डीएनएस म्हणतात. पुतण्याने वसतिगृहातल्या डीएनएसचा आकडा हाताने भरून ठेवला होता. आमच्या घरी त्या आकड्याला ओ देणारे कुणी नाही. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, तारेच्या जोडणीपुढचे दातेरी चक्र, त्यात आयपीव्ही४; तिथला जुना आकडा पुसला, डीएनएस 'ऑटोमॅटिक' केले आणि जोडणी बंद करून परत चालू केली.

रात्री साडेनऊला अर्ज भरून झाला. पावती छापायला मात्र सकाळी तालुक्याला जावे लागले. आमच्याकडे प्रिंटर नाही.