तीन गावचे म्हातारे उंदीर

२०१३ साली अमेरिकेत हळदीचा एक निकाल लागला. त्याची आपल्याकडे व्हायला हवी होती तेवढी चर्चा झाली नाही. हळदीतलं कर्क्युमिन हे द्रव्य उंदरांना तरुणपणापासून मरेपर्यंत रोजच्या खाद्यातून दिलं गेलं. तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत उंदीर म्हातारे होऊन मरेपर्यंत वाट पाहिली गेली आणि मग मोजणी झाली. कर्क्युमिन खाल्लेले आणि न खाल्लेले उंदीर सारखेच जगले होते. त्याच शोधनिबंधात ग्रीन टीच्या अर्कालाही आयुष्य वाढवता आलं नाही.

हळद म्हटलं की आपण हळवे होतो. जखम भरून आणण्याच्या हळदीच्या गुणावर अमेरिकेत दिलं गेलेलं पेटंट सीएसआयआरने १९९७ साली रद्द करून घेतलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर त्या संस्थेचे प्रमुख होते. त्या लढाईचा अभिमान आपण बाळगतो तो योग्यच आहे. पण ती लढाई जिंकली गेली पुराव्यावर. जखमेला हळद लावतात याच्या जुन्या लेखी नोंदी होत्या. हळदीने आयुष्य वाढतं का, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याला निराळा पुरावा लागतो. तो पुरावा मिळवण्याची जगातली मला ठाऊक असलेली सर्वांत सचोटीची व्यवस्था म्हणजे ‘इंटरव्हेन्शन्स टेस्टिंग प्रोग्राम’, थोडक्यात आयटीपी.

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग या सरकारी संस्थेच्या पैशावर हा कार्यक्रम उभा राहिला. त्याला स्वतःची इमारत नाही. काम तीन ठिकाणी चालतं: मेन राज्यातल्या बार हार्बर या समुद्रकाठच्या छोट्या गावातली जॅक्सन लॅबोरेटरी, अ‍ॅन आर्बरचं मिशिगन विद्यापीठ आणि टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. डेव्हिड हॅरिसन, रिचर्ड मिलर आणि रँडी स्ट्राँग या तिघांनी तिथली कामं वर्षानुवर्षं सांभाळली. कल्पना पुढे रेटली ती त्या सरकारी संस्थेतल्या ह्यूबर वॉर्नर यांनी.

कल्पनेमागे एक वैताग होता. आयुष्य वाढवणाऱ्या औषधांचे दावे तेव्हाही कमी नव्हते. एखादी प्रयोगशाळा मूठभर उंदरांवर प्रयोग करायची, उंदीर जास्त जगले असं जाहीर करायची आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत तेच काही केल्या जमायचं नाही. पुष्कळदा गोम तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांतच असे. ज्यांना औषध दिलेलं नाही ते उंदीर मुळातच रोगट आणि अल्पायुषी असले, तर समोरचं कुठलंही औषध संजीवनी ठरतं. दुसरा घोळ भुकेचा. १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी दाखवून दिलं होतं की कमी खाणारे उंदीर जास्त जगतात. मग कडवट औषध मिसळल्यामुळे उंदीर कमी खाऊ लागले, तर आयुष्य कशामुळे वाढलं म्हणायचं, औषधामुळे की उपासमारीमुळे? म्हणून आयटीपीत उंदरांची वजनं घेतली जातात, आणि औषध न दिलेले उंदीर औषध दिलेल्यांच्या दुप्पट ठेवले जातात, म्हणजे तुलनेचा पाया पक्का राहतो.

उंदरांची निवड हा या कार्यक्रमाचा मला सर्वांत आवडणारा भाग. प्रयोगशाळेतले उंदीर बहुतेक एकाच वाणाचे, पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणींच्या संकरातून एकसारखे झालेले असतात. अशा वाणाला त्याची म्हणून एखादी खोड असते: एखादा विशिष्ट कर्करोग, एखादा मूत्रपिंडाचा विकार. तिथे लागू पडलेलं औषध त्या एका विकारावरचं औषध असू शकतं. आयटीपीने चार वाण घेतले. दोन वाणांची संकरित मादी आई आणि दुसऱ्या दोन वाणांचा संकरित नर बाप. त्यांची पिल्लं नात्याने सगळी सख्खी भावंडं, पण जनुकांनी एकही दुसऱ्यासारखं नाही. आजी-आजोबांचे चारही वाण ठरलेले असल्यामुळे हाच मेळ पुढच्या वर्षी, दहा वर्षांनी, पुन्हा तसाच जमवता येतो. पिंजऱ्यात पाहिलं तर पिंगट, दालचिनी रंगाचे, काळे, चॉकलेटी असे उंदीर एकत्र नांदताना दिसतात. पांढरा मात्र त्यांत कधीच नसतो, जरी त्यांच्या आईची आई पांढरीशुभ्र होती. पांढऱ्या रंगासाठी आई आणि बाप दोघांकडूनही तो गुण यावा लागतो आणि बापाच्या घराण्यात तो नाही.

एका पिंजऱ्यात नर तीन, माद्या चार. तिन्ही ठिकाणचं खाद्य एकाच कारखान्यात तयार होतं आणि औषध मिसळून एकाच वेळी तिन्हीकडे रवाना होतं. रोज कुणीतरी पिंजऱ्यांपुढून फिरतं, प्रत्येक उंदीर पाहतं, मेला असेल तर तारीख लिहितं. जो इतका खंगला आहे की फार तर दोन दिवसांचा सोबती, खाणंपिणं सुटलेलं, हलवलं तरी हलत नाही, त्याला हाल होऊ न देता मरण दिलं जातं आणि तीच त्याच्या मृत्यूची तारीख धरली जाते. नर आपसांत भांडतात. भांडणापायी बाजूला काढावे लागलेले उंदीर हिशेबात वेगळे दाखवले जातात. हे सगळं वर्षानुवर्षं, सुट्टीच्या दिवशीही. एका प्रश्नाचं उत्तर यायला तीन वर्षांहून जास्त लागतात, कारण शेवटचा चिवट म्हातारा उंदीर मरेपर्यंत आकडा पुरा होत नाही.

तीन ठिकाणं कशाला, असं वाटेल. एकच उत्तरपत्रिका तीन परीक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासावी, तसं हे आहे. आणि परीक्षकांचा स्वभाव खरोखरच वेगळा निघाला: नियम एक, खाद्य एक, वाण एक, तरी औषध न दिलेले मिशिगनचे नर इतर दोन ठिकाणच्या नरांपेक्षा जास्त जगतात. एकाच प्रयोगशाळेवर विसंबलं असतं, तर अशा फरकाला कुणीही औषधाचा गुण समजलं असतं.

पहिली पिल्लं २००४ साली या कामाला लागली. कोणती औषधं तपासायची हे तिघे आपल्या मर्जीने ठरवत नाहीत. जगातला कुठलाही शास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवू शकतो. तसा एक प्रस्ताव सॅन अँटोनिओच्याच डेव्ह शार्प यांनी दिला होता, रॅपामायसिनचा.

या औषधाच्या जन्मकथेत आपल्या उपखंडातल्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. १९६४ साली कॅनडाहून एक वैद्यकीय मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली आणि येताना तिथली माती घेऊन आली. मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत त्या मातीतल्या एका जिवाणूतून बुरशीनाशक द्रव्य वेगळं करण्यात आलं. त्यावर काम करणारे सुरेंद्रनाथ सहगल यांचा जन्म आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या खुशाबचा आणि शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठातलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली आणि रॅपामायसिनचं काम बासनात गेलं. सहगलांनी तो जिवाणू टाकून न देता घरच्या फ्रीझरमध्ये सांभाळून ठेवला आणि काही वर्षांनी कंपनीला पुन्हा कामाला लावलं. १९९९ साली मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. सहगल २००३ साली कर्करोगाने गेले. आपल्या औषधाचं नाव म्हातारपणाशी जोडलं जाणार आहे हे सिद्ध झालेलं त्यांना पाहता आलं नाही, याची मला फार चुटपुट वाटते.

पेशींत ‘टॉर’ नावाचं एक प्रथिन असतं. अन्न मुबलक आहे, वाढा, नवी प्रथिनं बनवा, असा हुकूम ते पेशीला देतं. रॅपामायसिन ते दाबून धरतं. मग पेशी वाढीचा हात आखडता घेते आणि आतली मोडतोड साफ करण्याकडे वळते. उपाशी प्राण्याच्या शरीरात जे घडतं त्याच्याशी हे बरंच मिळतंजुळतं आहे, म्हणून शार्प यांना त्यात आयुष्याची शक्यता दिसली.

पण अडचण आली ती अगदी साधी. रॅपामायसिन उंदरांच्या खाद्यात टिकेना. त्यावर आतड्यात जाऊनच विरघळेल असं सूक्ष्म आवरण चढवण्याची पद्धत सॅन अँटोनिओतल्याच साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटने बसवली. त्यात इतके महिने गेले की ठरवलेले उंदीर तोवर सहाशे दिवसांचे, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीच्या घरातले झाले. उंदीर टाकून नव्याने सुरुवात करणं सहज शक्य होतं. पण आयटीपीने त्याच म्हाताऱ्या उंदरांना औषध सुरू केलं. उतारवयात सुरू केलेल्या औषधाने आयुष्य वाढलेलं तोवर कुठल्याही सस्तन प्राण्यात खात्रीने दिसलं नव्हतं. २००९ च्या जुलैत ‘नेचर’मध्ये निकाल आला: शंभरातले नव्वद उंदीर मरण्याचा टप्पा माद्यांत १४ टक्क्यांनी आणि नरांत ९ टक्क्यांनी लांबला होता, आणि तिन्ही ठिकाणी. पुढे २०१४ साली तिप्पट डोस तरुणपणापासून दिल्यावर, निम्मे उंदीर मरण्याचा टप्पा माद्यांत २६ आणि नरांत २३ टक्क्यांनी पुढे गेला.

नुसतं लांबलेलं म्हातारपण कुणाला हवंय? म्हणून नंतर या उंदरांचे अवयव तपासले गेले. यकृतात, अधिवृक्क ग्रंथींत, स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांत वयाच्या खुणा उशिरा दिसल्या. उंदीर हिंडतफिरतही जास्त होते. पण मोतीबिंदू जास्त दाट झाला आणि नरांच्या वृषणांची झीज वाढली. या दोन्ही गोष्टी शास्त्रज्ञांनी निबंधात लपवल्या नाहीत.

रेझव्हेरेट्रॉलची गोष्ट याच्या उलट. द्राक्षाच्या सालीतलं हे द्रव्य २००६ साली चरबीयुक्त खाद्यावर ठेवलेल्या जाड्या उंदरांत गुणकारी दिसलं आणि जगभर गाजलं. त्याच वाटेने औषधं करू पाहणारी कंपनी २००८ साली सुमारे ७२ कोटी डॉलरला विकली गेली. आयटीपीने तेच द्रव्य नेहमीच्या खाद्यावरच्या उंदरांना दिलं. आयुष्य वाढलं नाही. सिमव्हास्टॅटिन, माशाचं तेल, अलीकडे बाटल्यांतून खूप विकलं जाणारं निकोटिनामाइड रायबोसाइड, सगळ्यांचं उत्तर नाही. एकट्या मेटफॉर्मिनचा फरकही खात्रीलायक ठरला नाही. हे सगळे नकार होकारांइतक्याच तपशिलाने छापले गेले आणि आकडे कुणालाही पाहायला खुले आहेत. औषधाच्या अपयशाचा निबंध लिहून कुणाचं नाव होत नाही. तरीही ते लिहिणारी माणसं माझ्या लेखी या क्षेत्राची खरी राखणदार आहेत.

माणसांत काय? रॅपामायसिनच्या जवळच्या एका औषधाचे थोडे आठवडे डोस दिल्यावर ज्येष्ठांच्या शरीराने फ्लूच्या लशीला अधिक चांगली दाद दिली, असं २०१४ साली दिसलं. पुढे त्याच विचारातून काढलेल्या एका वेगळ्या औषधाची मोठी चाचणी फसली. निरोगी माणूस या औषधाने जास्त जगतो असा पुरावा आज नाही. हे मुळात प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे. तोंड येतं, कोलेस्टेरॉल वाढतं, जंतुसंसर्गाचा धोका असतो. उंदरांचा आकडा वाचून ते स्वतःच्या मनाने सुरू करणं मला सरळ धोक्याचं वाटतं.

आणि एक गोष्ट या उंदरांनी समोर आणली, तिच्याकडे अजून पुरेसं लक्ष गेलेलं नाही. आपल्याकडे मधुमेहाचे कितीतरी रुग्ण जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर अकार्बोज घेतात. भात-भाकरीतल्या पिठुळ अन्नाची साखर होण्याचा वेग ते आतड्यातच कमी करतं. आयटीपीत त्याने निम्मे नर मरण्याचा टप्पा २२ टक्क्यांनी लांबवला, माद्यांचा फक्त ५. १७-अल्फा-एस्ट्राडायोल हे स्त्री-संप्रेरकाचं भावंड, पण त्याने जास्त जगले ते नर. माद्यांना काहीच नाही. कॅनाग्लिफ्लोझिन हे लघवीवाटे साखर बाहेर टाकणारं मधुमेहाचं औषध, त्यानेही नरांचा टप्पा १४ टक्के पुढे गेला आणि माद्या होत्या तिथेच राहिल्या. नंतर तेच औषध उतारवयात सुरू करून पाहिलं, तेव्हा नरांना पुन्हा फायदा झाला आणि माद्यांचं आयुष्य उलट थोडं घटलं. औषध माद्यांच्या शरीरात जास्त साठतं हे एक कारण असू शकतं. पूर्ण उलगडा झालेला नाही.

मधुमेहासाठी या जातीची गोळी घेणाऱ्या बाईने उंदरांचा निकाल ऐकून ती बंद करू नये. तिच्या आजारात हृदयाला आणि मूत्रपिंडांना होणारा फायदा माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत दिसलेला आहे. पण म्हातारपण लांबवण्यासाठी म्हणून निरोगी बायकांना हे औषध कुणी देऊ केलं, तर त्यांच्याकडे दाखवायला आज आहे तो पुरावा नरांचा आहे.